आरसा, पटल आणि ध्वनीचे छायाचित्र : पुणे–चाकण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : कंप पावणाऱ्या पटलाशी आरसा जोडून परावर्तित किरणाच्या साहाय्याने ध्वनी छायाचित्ररूपात नोंदविण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात पुढे आली. प्रकाशकिरणाला वजन नसल्यामुळे लेखणीच्या जडत्वाची अडचण दूर झाली. पटलाच्या स्वतःच्या कंपनाची अडचण मात्र शिल्लक राहिली. नोंदीत आवाज किती आणि उपकरण किती, हा प्रश्न बोलपटाच्या ध्वनिपट्टीपासून आजच्या वाहनचाचणीपर्यंत कसा चालत आला आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : पटल, प्रकाशीय तरफ, ध्वनिपट्टी, अनुनाद, प्रभात फिल्म कंपनी, लेझर कंपनमापन.

प्रास्ताविक

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचा आवाज व कंपने यांची चाचणी ही आता नित्याची बाब झाली आहे. वाहनाच्या दाराचा पत्रा कोणत्या वेगाला थरथरतो, छताचा कोणता भाग गुणगुणतो, हे शोधण्यासाठी वाहन-अभियांत्रिकीत पत्र्यावर लेझरचा किरण सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून कंपन वाचण्याची पद्धत रूढ आहे. चाकणपासून तीस-पस्तीस किलोमीटर अंतरावर, पुण्यातील लॉ कॉलेज रस्त्यावर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या बोलपटांची रिळे जतन केलेली आहेत. त्या रिळांच्या कडेने धावणाऱ्या जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत गेल्या शतकातील गायक-नटांचे आवाज काळ्या-पांढऱ्या आकृतींच्या रूपात साठविलेले आहेत. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. एक यंत्रशाळेतील बाब, दुसरी कलेच्या इतिहासातील. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच युक्ती आहे : जे कंप पावते त्याला स्पर्श न करता, प्रकाशाकडून त्याची नोंद करून घेणे.

पदार्थविज्ञानाच्या अध्यापनात ही युक्ती सहसा एका ओळीत आटोपली जाते. बोलपटाच्या इतिहासावरील मराठी लेखनात नट, दिग्दर्शक आणि गीते यांना भरपूर जागा मिळते; ध्वनी फिल्मवर कसा उतरला याला फारशी मिळत नाही. या दोन्ही उणिवा एकाच विषयाच्या दोन बाजू असल्याने त्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते.

लेखणीचे वजन

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. हे चढउतार कागदावर उतरविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न पॅरिसमधील एदुआर-लेआँ स्कॉट द मार्तँव्हील यांनी केला. १८५७ साली त्यांनी एकाधिकार घेतलेल्या उपकरणात कर्ण्याच्या तोंडाशी ताणलेले पटल होते. प्रयोगशाळेत ज्याला सर्रास डायफ्रॅम म्हटले जाते तेच हे पटल. त्याला जोडलेला एक राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढीत असे. ध्वनी पुन्हा ऐकावा हा त्यांचा हेतूच नव्हता. तो डोळ्यांनी पाहता यावा एवढीच अपेक्षा होती. एडिसनचा फोनोग्राफ त्यानंतर वीस वर्षांनी आला.

या रचनेतील दोष समजण्यासाठी आवाजाच्या हालचालीचे मोजमाप लक्षात घ्यावे लागते. साधारण संभाषणाच्या पातळीचा, म्हणजे ६० डेसिबलचा आणि १००० हर्ट्झ वारंवारतेचा स्वर असेल, तर हवेच्या कणांचे विस्थापन सुमारे ८ नॅनोमीटर इतके असते. एक मिलिमीटरचे सव्वा लाख भाग केले तर त्यातील एक भाग. कर्ण्यामुळे ही हालचाल पटलाशी पोहोचेपर्यंत वाढते हे खरे. तरीही जी हालचाल मुळात इतकी सूक्ष्म आहे तिच्याकडून लेखणी उचलून घेणे, ती कागदावर घासत नेणे आणि सेकंदाला हजार वेळा तिची दिशा पालटविणे, ही फार मोठी मागणी आहे. लेखणी कितीही हलकी केली तरी तिला वस्तुमान असते, म्हणून जडत्व असते. आणि कागदाशी तिचे घर्षण होतेच. परिणामी रेघेत आवाजाचे मोठे झोके उतरतात, पण त्यावर स्वार झालेल्या बारीक लहरी पुसल्या जातात. व्यंजनांची ओळख, दोन वाद्यांमधील नादगुणाचा भेद, हे सारे त्या बारीक लहरींतच असते. तंबोरा आणि बासरी एकाच षड्जावर असूनही कानाला वेगळी भासतात ती त्यामुळेच.

किरणाची तरफ

वजन नसलेली लेखणी हवी, तर ती प्रकाशाची करावी हा विचार त्यानंतर स्वाभाविकच होता. आरशावर पडलेला किरण परावर्तित होताना आरसा जेवढ्या कोनातून वळेल त्याच्या दुप्पट कोनातून वळतो, हा शाळेतील नियम. या नियमाला अंतराची जोड दिली की एक विलक्षण तरफ तयार होते. आरशाचा आस आणि पटलाचा जोड यांच्यात एक मिलिमीटर अंतर आहे, आणि पटल एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग सरकले, असे समजू. आरसा ०.००१ रेडियनने वळेल, किरण ०.००२ रेडियनने वळेल, आणि एक मीटर दूर ठेवलेल्या छायाचित्रण-काचेवर प्रकाशबिंदू २ मिलिमीटर सरकेल. दोन हजार पट वाढ झाली. लांब तरफेला जे वजन असते त्यातले इथे काहीही नाही. काच दुसऱ्या दिशेने एकसारख्या गतीने सरकत ठेवली की बिंदूची वरखाली होणारी हालचाल तिच्यावर लाटेच्या रूपाने उमटते.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक इलाय व्हिटनी ब्लेक यांनी १८७८ मध्ये हीच रचना प्रसिद्ध केली. टेलिफोनसारख्या मुखपात्रातील पटलाच्या मध्याशी तारेने जोडलेला छोटा पोलादी आरसा, त्यावर सोडलेला सूर्यकिरण आणि समोरून सरकणारी संवेदनशील काच, एवढेच तिचे घटक. बोललेल्या शब्दांच्या आकृती त्यांनी अशा मिळविल्या. सूर्यप्रकाशाची निवड हौसेने केलेली नव्हती. त्या काळच्या छायाचित्रण-काचांची संवेदनशीलता पाहता, सेकंदाच्या अत्यल्प भागात ठसा उमटविण्याइतका प्रखर प्रकाश मिळविण्याचा तो सोयीचा मार्ग होता.

दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये फोटोफोनचा प्रयोग केला. त्यात आरसा हेच पटल होते. मागून बोलले की पातळ आरसा किंचित फुगे वा खोल जाई. त्यामुळे परावर्तित प्रकाश कमीअधिक पसरे, आणि सुमारे २१३ मीटर दूर ठेवलेला सिलिनियमचा घट त्या चढउतारांचे पुन्हा विद्युत्‌प्रवाहात रूपांतर करी. पुढे व्होल्टा प्रयोगशाळेत १८८४-८५ च्या सुमारास काचेच्या तबकड्यांवर प्रकाशाने ध्वनी नोंदविण्याचे प्रयोगही झाले. फोटोफोन हा व्यवहारात फसलेला शोध मानला जातो, आणि धुके-पावसात निकामी होणारे यंत्र व्यवहारात फसणारच. तथापि प्रकाशातून आवाज परत मिळविण्याचा जो दुसरा अर्धा भाग ब्लेक यांच्याकडे नव्हता, तो सिलिनियमच्या घटाने पुरविला. बोलपटासाठी आवश्यक असलेली दोन्ही टोके १८८० सालीच हाताशी होती. त्यांच्यामध्ये पन्नास वर्षे गेली ती मुख्यत्वे क्षीण विद्युत्‌संकेत मोठा करणारी निर्वात नळी नव्हती म्हणून.

पटलाचा स्वतःचा आवाज

लेखणीचे वजन गेले, पण पटल राहिले. आणि पटल हे मुळात एक वाद्य आहे. डग्ग्याच्या पुडीला जसा स्वतःचा नाद असतो तसा कोणत्याही ताणलेल्या किंवा कडेने आवळलेल्या पटलाला असतो. बाहेरून आलेल्या स्वराची वारंवारता त्या नादाशी जुळली की अनुनाद होतो आणि पटल वाजवीपेक्षा कितीतरी मोठा झोका घेते. इतर ठिकाणी ते मंद राहते. कर्णा लावला तर त्याच्या पोकळीचे स्वतःचे अनुनाद त्यात मिसळतात. म्हणजे काचेवर उमटलेली सुंदर लाट ही बोलणाऱ्याची असते, पटलाची असते आणि कर्ण्याचीही असते. आणि ती लाट आपण होऊन यांतील वाटे सांगत नाही.

हा प्रश्न ज्यांनी सर्वाधिक गांभीर्याने घेतला त्यांत क्लीव्हलंडच्या केस स्कूल ऑफ अप्लाइड सायन्समधील प्राध्यापक डेटन मिलर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. त्यांनी १९०८ च्या सुमारास तयार केलेल्या फोनोडाइक या उपकरणात कर्ण्याच्या टोकाशी अतिशय पातळ काचेचे पटल होते. पटलाच्या मध्यापासून निघालेले रेशमी तंतू किंवा अतिसूक्ष्म तार एका इवल्या दांडीभोवती गुंडाळलेली असे, आणि दांडीवर सुमारे एक मिलिमीटर बाजूचा आरसा बसविलेला असे. दांडी घड्याळातल्याप्रमाणे रत्नाच्या खोबणीत फिरे. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश वेगाने धावणाऱ्या फिल्मवर पडे.

मिलर यांचे वेगळेपण या नाजूक कारागिरीत जितके आहे त्याहून अधिक त्यांनी नंतर केलेल्या कामात आहे. ज्यांची तीव्रता ठाऊक आहे अशा ऑर्गनच्या नळ्या एकामागून एक वाजवून त्यांनी आपले उपकरण कोणत्या वारंवारतेला किती वाढवून सांगते आणि कोणत्या वारंवारतेला किती दडवते याचा आलेख तयार केला. नंतर प्रत्येक नोंदीचे यांत्रिक विश्लेषकाने संनादी घटकांत पृथक्करण करून, त्या प्रत्येक घटकाला आलेखानुसार दुरुस्ती लावली. उपकरणाची साक्ष घ्यायची तर आधी उपकरणाचीच उलटतपासणी करायची, असा हा खाक्या होता. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या सांगीतिक ध्वनिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्यांनी हे सारे तपशीलवार मांडले. मिलर स्वतः बासरीवादक होते आणि त्यांनी जमविलेल्या दीड हजारांहून अधिक बासऱ्या आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. कानाला जे पटत नाही ते आलेखावर आले म्हणून मान्य करायचे नाही, ही वृत्ती कदाचित त्या छंदातून आली असावी.

भारतात याच सुमारास कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी गजाने वाजविलेल्या तारेच्या कंपनांची छायाचित्रे घेऊन १९१८ मध्ये त्यांवर आधारित विस्तृत विवेचन प्रसिद्ध केले. तारेची हालचाल प्रकाशाच्या फटीसमोर थेट सरकत्या काचेवर टिपल्यामुळे तिथे पटलाचा प्रश्नच उरला नाही. अर्थात तार दिसते, कंठ दिसत नाही. मानवी आवाजासाठी पटल टाळता येत नव्हते.

आरसा पटलापासून सुटतो

मायक्रोफोन आणि प्रवर्धक हाती आल्यावर रचनेत मूलभूत बदल झाला. आरशाला पटलाशी जखडून ठेवण्याचे कारण उरले नाही. मायक्रोफोनचे पटल नटासमोर, आणि आरसा दूर यंत्राच्या पेटीत, चुंबकीय क्षेत्रात, प्रवर्धित विद्युत्‌प्रवाहाने हलणारा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चार्ल्स हॉक्सी यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी कंप पावणाऱ्या आरशाने फिल्मवर ध्वनी नोंदविणारे यंत्र सिद्ध केले आणि त्याच परंपरेतून पुढे आर.सी.ए. फोटोफोन ही पद्धती आली. तिच्यात आरशावरून येणारा प्रकाश एका अरुंद फटीचा कमीअधिक भाग उजळतो. त्यामुळे फिल्मच्या कडेला डोंगररांगेसारखी, काठाने दातेरी अशी आकृती उमटते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीत आरशाऐवजी प्रकाशाची झडप होती; तिच्या पट्टीत डोंगर नसतात, फिकट-गडद आडव्या रेघा असतात. पहिलीत रुंदी बदलते, दुसरीत काळेपणा.

आरशालाही स्वतःची नैसर्गिक वारंवारता असतेच. ती नाहीशी करता येत नाही. म्हणून अभियंत्यांनी ती बोलण्या-गाण्याच्या उपयुक्त पल्ल्याच्या वरच्या टोकाकडे ढकलली आणि तिला मंदन दिले. मिलर यांनी जी दुरुस्ती कागदावर केली ती इथे यंत्राच्या घडणीतच केली गेली.

फिल्मवरील लांबीचे गणित उद्बोधक आहे. ३५ मिलिमीटर फिल्म सेकंदाला २४ चौकटी या गतीने धावते, म्हणजे एका सेकंदात सुमारे ४५६ मिलिमीटर. १०० हर्ट्झच्या स्वराची एक लाट तिच्यावर साडेचार मिलिमीटर जागा घेते. ८००० हर्ट्झची लाट केवळ ०.०५७ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीइतक्या जागेत एक शिखर आणि एक दरी. फिल्मवरील पायसात प्रकाश किंचित जरी पसरला, धुलाईत काळेपणा जरा जरी वाढला, तरी त्या दऱ्या भरून येतात. आणि मराठीतील स, श, च या वर्णांची ओळख पटविणारी ऊर्जा बव्हंशी याच वरच्या भागात असते. जुन्या बोलपटांत ‘स’ फुटल्यासारखा, फसफसता ऐकू येतो तो अनेकदा नटाचा दोष नसतो, मायक्रोफोनचाही नसतो. तो रसायनशाळेतील काही मिनिटांचा हिशेब असतो. निगेटिव्हमध्ये झालेला पसर आणि प्रत काढताना होणारा पसर यांनी एकमेकांना खोडून काढावे अशा बेताने दोहोंचा काळेपणा ठरवावा लागे.

मुंबई, कोल्हापूर, पुणे

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. अर्देशीर इराणी यांनी त्यासाठी टॅनर ही यंत्रणा वापरली. तिच्यात चित्र आणि ध्वनी एकाच वेळी एकाच निगेटिव्हवर नोंदले जात. या सोयीची किंमत मोठी होती. चित्राला मानवणारी धुलाई ध्वनीला मानवतेच असे नाही, आणि निगेटिव्ह एकच असल्याने तडजोड अटळ. ध्वनींचे नंतर मिश्रण करण्याची सोयही नव्हती. गायन, वादन आणि संवाद जे काही असेल ते त्याच क्षणी मायक्रोफोनपुढे व्हावे लागे, आणि वादकांना दृश्याच्या चौकटीबाहेर दडवावे लागे. स्टुडिओशेजारून आगगाड्या जात असल्याने बरेचसे चित्रण रात्री, गाड्यांची वर्दळ थांबल्यावर करण्यात आले. परदेशी तंत्रज्ञ विल्फर्ड डेमिंग यांच्याकडून इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुजबी शिक्षण घेतले व पुढचे काम स्वतः निभावले.

पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या या कंपनीच्या पाच भागीदारांपैकी विष्णुपंत दामले यांनी ध्वनीचा भार उचलला. दामले हे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. चित्रकला, नेपथ्य, यंत्रदुरुस्ती यांत सारखाच हात असलेले. ध्वनिशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसाने प्रवर्धक, आरसे आणि धुलाईची रसायने यांचा मेळ घालणे, हे कोल्हापूरच्या त्या कारागिरी परंपरेचे फलित म्हणावे लागेल. या परंपरेचा उल्लेख कौतुकाने होतो, अभ्यास मात्र कमी होतो. १९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली. तिच्या जागेवर १९६० पासून चित्रपट-शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, आणि तिच्या जवळच १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे.

ध्वनीच्या दृष्टीने प्रभातच्या चित्रपटांत १९३७ च्या ‘कुंकू’चे स्थान निराळे आहे. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात नेहमीचे पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातल्याच नैसर्गिक आवाजांवर भर दिला. वृद्ध वराशी फसवून लावलेल्या लग्नाच्या या कथेत घड्याळ हे ठळक प्रतीक आहे. संगीत नसल्याने आवाजांमधल्या रिकाम्या जागाही अर्थपूर्ण होतात. प्रकाशीय ध्वनिपट्टीची खरी परीक्षा अशाच ठिकाणी लागते, कारण तिची खरखर शांततेतच ऐकू येते. पट्टीच्या पारदर्शक भागावर पडलेला प्रत्येक ओरखडा, प्रत्येक धूलिकण प्रकाश अडवितो आणि प्रोजेक्टरमधील प्रकाशविद्युत घट त्याला इमाने-इतबारे आवाजच समजतो.

काय पुसावे आणि काय ठेवावे

पुनःस्थापनेचे काम करणाऱ्यापुढे येथेच पेच उभा राहतो. संगणकीय आज्ञावली ओरखड्यांचे ‘टक्‌’ असे आवाज शोधून पुसू शकतात. पण घड्याळाची टिकटिक हीसुद्धा आलेखावर क्षणभर उसळून विरणारी आकृतीच असते. टाळेचा प्रारंभ, मृदंगाच्या पुडीवरची थाप, यांचाही आरंभ तसाच तीक्ष्ण असतो. आज्ञावलीला त्यांतला भेद कळेलच असे नाही. तो ऐकणाऱ्याला ठरवावा लागतो, आणि त्यासाठी चित्रपटाबरोबरच तो नोंदविणाऱ्या यंत्राचीही माहिती असावी लागते. सात हजार हर्ट्झच्या वर आवाज आढळत नसेल, तर तो मुळातच नोंदला गेला नाही, की प्रतीवरून प्रत काढताना गेला? पहिले असेल तर तिथे काही भर घालणे म्हणजे बनावट. दुसरे असेल तर जुन्या प्रतीचा शोध घेणे हे कर्तव्य. शिवाय १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चित्रपटगृहाची यंत्रणाच वरचे स्वर जाणूनबुजून मंद करीत असे, जेणेकरून खरखर झाकली जावी. निर्माते ते गृहीत धरून ध्वनी नोंदवीत. अशी पट्टी आजच्या यंत्रावर जशीच्या तशी वाजविली तर ती कर्कश वाटते, आणि तो कर्कशपणा मूळ हेतूचा भाग नसतो.

या बाबतीत निष्काळजीपणाचे फळ काय असते हे स्कॉट यांच्याच नोंदीने दाखवून दिले. १८६० साली काजळीवर उमटलेले एक फ्रेंच गीत २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्या कागदाच्या प्रतिमेवरून ऐकण्याजोगे केले. तेव्हा तो मुलीचा किंवा स्त्रीचा आवाज असावा असे वाटले. पुढच्या वर्षी लक्षात आले की शेजारी नोंदलेल्या स्वरकाट्याची वारंवारता वाचण्यात गफलत झाली होती : त्या काळच्या फ्रेंच पद्धतीत जाणे आणि येणे ही दोन कंपने मोजली जात. वेग निम्मा केल्यावर तिथे एक पुरुष सावकाश गात होता. बहुधा स्कॉट स्वतःच.

छायाचित्ररूप नोंदीचा एक मोठा लाभ मात्र याच घटनेतून दिसतो. जे डोळ्यांना दिसते ते मूळ यंत्राविना वाचता येते. व्होल्टा प्रयोगशाळेतील सव्वाशे वर्षे जुन्या तबकड्यांतील आवाजही २०११ मध्ये त्यांना सुईचा स्पर्श न करता, प्रतिमांवरून परत मिळविण्यात आले. फिल्म आकसली असेल, तिची छिद्रे फाटली असतील आणि ती प्रोजेक्टरवर चढविणे अशक्य असेल, तरी तिच्या पट्टीची प्रतिमा घेता येते. अट एकच, पट्टी अस्तित्वात असावी. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, त्या पहिल्या भारतीय बोलपटाचा आवाज ज्या पट्टीत होता ती पट्टीच उरलेली नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील चित्रपट संस्थेच्या आवारात नायट्रेट रिळांच्या साठ्याला लागलेल्या आगीत अनेक जुन्या चित्रपटांची मूळ रिळे नष्ट झाली. नंतरच्या प्रती असतील तिथे चित्रपट उरला. पण प्रतीची ध्वनिपट्टी म्हणजे छायाचित्राचे छायाचित्र, आणि तिच्यात दऱ्या थोड्या अधिकच भरलेल्या असतात.

चाकणचा पत्रा

प्रारंभी उल्लेखिलेल्या वाहनचाचणीत प्रश्न तोच आहे, फक्त पटलाच्या जागी पत्रा आहे. भोसरीत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आणि चाकणला ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे केंद्र असलेल्या या पट्ट्यात वाहन-अभियांत्रिकीचे शेकडो पदवीधर दरवर्षी कामाला लागतात. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाचा आवाज मोजताना मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवला जातो. आवाज किती आहे हे तो सांगतो; कोठून येतो ते सांगत नाही. ते शोधण्यासाठी पत्र्यावर त्वरणमापक चिकटविण्याची पद्धत आहे. पण पातळ पत्र्यावर काही ग्रॅम वजनाचा त्वरणमापक चिकटविला की पत्र्याची वारंवारताच खाली येते, आणि मोजले जाते ते त्वरणमापक वाहणाऱ्या पत्र्याचे कंपन. स्कॉट यांचा केस आणि हा त्वरणमापक यांच्यातील नाते उघड आहे.

लेझर कंपनमापकात परावर्तित प्रकाशाच्या वारंवारतेत डॉप्लर परिणामाने पडणारा फरक मोजतात. हा फरक पत्र्याच्या वेगाच्या दुपटीला प्रकाशाच्या तरंगलांबीने भागले असता मिळतो. हेलियम-निऑन लेझर वापरला आणि पत्र्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटर असेल तर तो सुमारे ३१६० हर्ट्झ भरतो. सूत्रातील ‘दुप्पट’ परावर्तनामुळेच येते. ब्लेक यांच्या आरशात कोन दुप्पट झाला होता, इथे वेग दुप्पट होतो. पत्र्यावर काहीही चिकटलेले नसते. अर्थात उपकरणाची उलटतपासणी येथेही टळत नाही : लेझर ज्या तिपाईवर उभा आहे ती तिपाई कारखान्याच्या फरशीबरोबर हलत असेल, तर ते हलणेही पत्र्याच्या नावावर जमा होते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी

हा विषय विद्यार्थ्यांपुढे मांडण्यास महागडी साधने लागत नाहीत. दोन्ही टोके कापलेला पत्र्याचा डबा, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेले फुग्याचे रबर, रबरावर मध्य आणि कड यांच्या दरम्यान चिकटविलेला पाच मिलिमीटरचा आरशाचा तुकडा आणि एक मिलिवॅटहून कमी शक्तीचा लेझर दिवा पुरेसा आहे. किरण कोणाच्याही डोळ्यांच्या पातळीवर येणार नाही याची दक्षता प्रथम घ्यावी. डब्यात ‘आ’ म्हटल्यावर समोरच्या भिंतीवरील बिंदूची रेघ किंवा लंबवर्तुळ होते. वाटेत दुसरा आरसा धरून तो हाताने आडवा फिरविला की त्या रेघेची लाट होते. २०० हर्ट्झचा स्वर असेल आणि बिंदू सेकंदाच्या दहाव्या भागात भिंतीवर एक मीटर सरकला, तर पाच-पाच सेंटिमीटरच्या वीस लाटा दिसतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दीर्घ उद्भासन ठेवले की त्यांचे छायाचित्र मिळते.

प्रयोग बहुधा येथेच संपविला जातो आणि विद्यार्थी आपल्या आवाजाचे चित्र पाहिल्याच्या समाधानात घरी जातात. तो आणखी अर्धा तास चालवावा. मोबाइलवरील स्वरजनकाने १०० ते १००० हर्ट्झपर्यंतचे स्वर, ध्वनीची पातळी कायम ठेवून, डब्यापुढे वाजवावेत आणि प्रत्येक वेळी रेघेची लांबी मोजून आलेख काढावा. आलेख सपाट येणार नाही. त्याला एक-दोन उंच शिखरे दिसतील. मग रबर थोडे अधिक ताणावे, किंवा त्याच रबरावर आरशाचा आणखी एक तुकडा चिकटवावा, आणि मोजणी पुन्हा करावी. शिखरे जागा बदलतील, आणि आधी काढलेल्या ‘आ’च्या चित्रातील कोणता भाग डब्याचा होता हे विद्यार्थ्यांना स्वतःच वेगळे काढता येईल.